डेस्टिनी २: एक्सपान्शन घेताना या चुका टाळा

‘डेस्टिनी २’ हा ऑनलाइन नेमबाजीचा व्हिडिओ गेम १ ऑक्टोबर २०१९ पासून फुकट आहे. डाउनलोडला पैसे पडत नाहीत, पण कथा पुढे खेळायची म्हटलं की एक्सपान्शन (मूळ गेमला जोडायचा नव्या कथेचा भाग), डिलक्स आवृत्ती, सीझन (काही महिन्यांपुरता नवा मजकूर), डंजन-की (डंजन, म्हणजे छोट्या गटाने खेळायच्या अवघड मोहिमा, उघडणारी खरेदी), सिल्व्हर (पैसे देऊन घ्यायचं गेममधलं चलन) अशी रांग समोर उभी राहते. नव्याने आलेला माणूस इथेच गोंधळतो.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे ‘नवीन एक्सपान्शन घेतलं की जुनी त्यात आलीच’. ‘फायनल फँटसी १४’ हा दुसरा ऑनलाइन गेम खेळून आलेल्यांचा हा समज पक्का असतो, कारण तिथे ‘डॉनट्रेल’ हे एक्सपान्शन घेतलं की ‘शॅडोब्रिंगर्स’ आणि ‘एंडवॉकर’ ही आधीची एक्सपान्शन त्यातच मिळतात. ‘डेस्टिनी’मध्ये तसं नाही. नवं घेतल्यावर फक्त नवंच मिळतं. जुनी वेगळी किंवा एखाद्या संचातून घ्यावी लागतात. म्हणून संचाच्या नावावर जाऊ नका, आत काय काय आहे ती यादी शेवटपर्यंत वाचा.

दुसरी चूक डंजनची. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘द विच क्वीन’ हे एक्सपान्शन आलं. ४० डॉलरच्या साध्या आवृत्तीत त्या वर्षीची दोन डंजन नव्हती आणि सीझन विकत घेऊनही ती मिळत नव्हती. ८० डॉलरची डिलक्स आवृत्ती तरी घ्यायची, नाहीतर वेगळी डंजन-की. पूर्ण वर्षाचे पैसे भरले असं समजून बसलेल्या खेळाडूवर हा सरळ अन्याय आहे, असं मला वाटतं. आवृत्तीत काय नाही, हे किमतीच्या शेजारीच ठळक लिहायला हवं.

सिल्व्हर घेताना आधी हिशेब करा. २०२३ मध्ये सीझनची किंमत १००० वरून १२०० सिल्व्हर झाली, आणि १० डॉलरच्या पॅकमध्ये बोनस धरून मिळत होते ११००. शंभरासाठी आणखी एक पॅक!

क्रॉस सेव्हमुळे, म्हणजे एकच खातं अनेक यंत्रांवर वापरण्याच्या सोयीमुळे, तुमचं पात्र पीसीवरून प्लेस्टेशनवर जातं, एक्सपान्शन जात नाही. जिथे रोज खेळणार तिथेच घ्या.

सेलमध्ये जुनं काही स्वस्त दिसलं तर ते आज गेममध्ये आहे का, हे आधी बघा. २०१७ मध्ये लोकांनी पैसे मोजून घेतलेली ‘रेड वॉर’ ही मूळ मोहीम नोव्हेंबर २०२० मध्ये काढून टाकली गेली. ‘फोरसेकन’ या एक्सपान्शनची मोहीम फेब्रुवारी २०२२ मध्ये गेली.

चुकीचं एक्सपान्शन घेतलंच असेल तर लगेच खेळायला बसू नका. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात साधारणपणे खरेदीपासून १४ दिवसांच्या आत परतावा मागता येतो. अट अशी की खरेदीनंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा आणि एक्सपान्शनमधली सामग्री वापरलेली नसावी. काही एक्सपान्शनना ही सोय नसते. तसं असेल तर स्टोअरच्या पानावर लिहिलेलं असतं, तेवढं पैसे भरण्याआधी वाचून घ्या.