लोडरची बकेट कोपऱ्यातून फाटली असेल तर आधी हे वाचा

ट्रॅक्टर लोडरची बकेट बहुतेक वेळा खालच्या कोपऱ्यात फाटते, जिथं तळाचा पत्रा साइडच्या प्लेटला जोडलेला असतो तिथं. आणि आपण करतो काय, तर चिरेवर वरूनच वेल्डिंगचा रॉड फिरवून घेतो आणि लगेच मुरूम भरायला पाठवतो. कृपा करून असं करू नका, आतली चीर तशीच राहते आणि वेल्डिंगच्या कडेनं परत निघते, ती पण आधीपेक्षा लांब.

आधी बकेट धुवा, जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर पुढं-मागं करून प्रेशर सोडा. खालून काम असेल तर जाड लाकडी ठोकळे पाहिजेतच, नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर कुणीही बकेटखाली जायचं नाही. बॅटरीची केबल काढा. वेल्डिंगची अर्थिंगची केबल बकेटलाच लावायची, जोडाच्या जवळ, रंग घासून. चासीला लावली तर करंट पिन-बुश (सांध्याची पिन आणि ती ज्यात फिरते ती नळी) आणि हायड्रॉलिक सिलेंडरमधून जातो, दांड्यावर बारीक खड्डे पडतात आणि मग सील कापून तेल गळायला लागतं.

आता खरं काम. चीर दिसते तेवढीच नसते. तिच्यावर थोडं डिझेल लावा, पाच मिनिटांनी कोरडं पुसा आणि वरून खडू घासा, मुरलेलं डिझेल बाहेर येऊन खडूवर काळपट रेघ उमटते, ती जिथं संपते तिथं ५-६ मिमीचं भोक पाडा म्हणजे चीर पुढं पळत नाही. मग डिझेल साफ पुसून ग्राइंडरनं चीर व्ही आकारात खोल उघडा. वेल्डिंगचा रॉड ७०१८ नंबरचा वापरा, पण कोरडा, पावसाळ्यात दमट झालेला रॉड या कामाचा नाही. एकदम भरू नका, थोडं थोडं भरा, प्रत्येक थराचा स्लॅग (वर जमणारी कडक खपली) झाडा आणि गरम जोडावर पाणी तर अजिबात ओतू नका. कोपऱ्याला आतून पट्टी मारली तर उत्तमच.

पुढचं ब्लेड कडक पोलादाचं असतं, ते जोडायच्या आधी दीडशे डिग्रीपर्यंत गरम करून घ्या, थंड पातीवर मारलेलं वेल्डिंग तडकतं. नटबोल्टचं दुधारी ब्लेड असेल तर झिजून बकेटच्या ओठाला लागायच्या आधीच उलटं करा, ओठ झिजला की खर्च वाढला.

बाकी सांभाळणं ड्रायव्हरच्या हातात आहे. एका कोपऱ्यानं दगड उपटायचा नाही, त्यानंच बकेट पिळवटते. वेगात ढिगात घुसायचं नाही. बकेट पूर्ण पालथी करून रिव्हर्समध्ये माती ओढली तर सिलेंडरचे दांडे वाकतात. शेणखत भरून झालं की त्याच दिवशी धुवायचं. पिनांना ग्रीस कामाच्या दिवशी रोज, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत, आणि पिन हलवून बघा, खडखड वाजत असेल तर बुश आत्ताच बदला, भोक लांबट झालं तर लेथवाल्याकडं जावं लागतं.