सुपासाठी हाडं: खाटकाकडून काय मागायचं आणि फ्रीजरमध्ये कसं ठेवायचं

मटण हाडांसकटच तोललं जातं. सुटी हाडं उरतात ती कुणी खिमा किंवा बोनलेस घेतलं तरच. म्हणून खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवावं आणि शक्यतो रविवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर जावं. त्या दिवशी खप जास्त असल्याने माल ताजा असतो आणि खिमाही बराच निघतो. दुपारची हाडं स्वस्तात मिळतील, पण ती चार-पाच तास ओंडक्यापाशी उघडी पडलेली असतात. मे महिन्यात अशी हाडं फुकट दिली तरी घेऊ नयेत.

चांगलं सूप फ्रीजमध्ये थिजतं. हे थिजणं जिलेटिनमुळे होतं, आणि जिलेटिन येतं सांध्यांवरच्या कुरकुरीत हाडातून, शिरांतून आणि कातडीतून. नळीत असते ती चरबी. नुसत्या नळ्या आणल्या की वर बोटभर तेलकट थर येतो आणि खाली पाणी राहतं. बोकडाची एक किलो हाडं घ्यायची तर हा हिशेब बसतो: साफ केलेले दोन पाय (साधारण 250 ग्रॅम), गुडघ्याचे आणि खांद्याचे सांधे 400 ग्रॅम, नळ्या 200 ग्रॅम आणि उरलेले 150 ग्रॅम मानेचे तुकडे. मानेला थोडं मटण चिकटलेलं असतं, चव तिथून येते.

'सुपासाठी' म्हटलं तरी सवयीने सत्तूर चालतो आणि रश्श्याच्या मापाचे तुकडे हातात येतात. त्यातून हाडाचे बारीक कण निघतात, ते गाळणीतूनही सुटतात. नळीचे दोनच तुकडे आणि सांधे सुरीने नुसते सुटे करून द्या, असं आधीच सांगावं. तरीही शेवटी सूप मलमलच्या कापडातून गाळावं.

वास घ्यायचा तो सांध्याचा, कारण खराब व्हायला तिथूनच सुरुवात होते. आंबूस वास, बोटाला चिकटणारा ओशट थर किंवा करडी-हिरवट कड दिसली तर तो तुकडा परत करावा.

पाय भाजून घेतले तरी खुरांच्या बेचक्यात केसांचा एक पुंजका राहतोच. तो खरवडून निघत नाही. सुरीचं टोक घालून कातडीसकट काढावा लागतो, नाहीतर सगळ्या सुपाला जळक्या केसांचा वास लागतो. मग हळद आणि कणीक चोळून पाय दोनदा धुवावेत.

कोंबडीचं काम सोपं आहे. बोनलेस विकणाऱ्या दुकानातून 700 ग्रॅम सांगाडे आणि 300 ग्रॅम पंजे आणावेत. पंजे उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवले की पिवळी साल मोज्यासारखी उतरते. मग नखं छाटायची. सांगाड्याच्या आत पाठीच्या खोबणीत तपकिरी-तांबडे तुकडे चिकटलेले असतात, ते अंगठ्याने उकरून टाकावेत, त्यांनी सूप गढूळ होतं. हिरवा डाग दिसला तर पित्त फुटलेलं असतं. तेवढा भाग कापून टाकायचा, कारण तो कडूपणा उकळून जात नाही.

ताटात उरलेली, तोंडाला लागलेली हाडं जमवू नयेत. तंदुरी किंवा भाजलेल्या कोंबडीचं मांस हाताने सोडवून उरलेला सांगाडा मात्र चालतो.

साठवताना बहुतेकांचं बिघडतं ते पाण्यामुळे. हाडं धुवून ओलीच पिशवीत भरली की त्यांचा बर्फाचा एकच गठ्ठा होतो. पाय आणि पंजे सोडले तर हाडं न धुताच ठेवावीत, धुणं शिजवताना. कागदाने टिपून ताटात एकेक पसरून तीन-चार तास फ्रीजरमध्ये कडक करावीत, मग पिशवीत भरावीत. हाडांची टोकं पातळ पिशवी फाडतात, म्हणून आधी बटर पेपर आणि वरून जाड झिपची पिशवी. हवा काढायला पिशवीचं तोंड वर धरून ती पाण्याच्या पातेल्यात हळूहळू बुडवायची, पाण्याच्या दाबाने हवा निघते, मग झिप लावायची. पुडा किलोचाच करावा: पाच लिटरच्या कुकरमध्ये एक किलो हाडं आणि सव्वादोन लिटर पाणी दोन-तृतीयांशाच्या आत बसतं.

पुड्यावर तारीख हवीच. उणे 18 अंशांवर मटणाची हाडं सहा महिने आणि कोंबडीची तीन-चार महिने चांगली राहतात. त्यानंतर ती विषारी होत नाहीत, पण चरबी खवट होते, कारण थंडीने जंतूंची वाढ थांबते, हवेचं काम थांबत नाही. एकदारी फ्रीजमधल्या छोट्या कप्प्यावर एवढा भरवसा ठेवू नये; तिथे तीन-चार आठवड्यांत वापरून टाकावीत. फ्रीजर नसेल तर खालच्या भागात कोंबडीची हाडं एक-दोन दिवस आणि मटणाची फार तर तीन दिवस.

शिजवण्याआधी वितळवायची गरज नाही. गोठलेली हाडं थंड पाण्यात टाकून उघड्यावर उकळी आणावी, दहा मिनिटांनी ते मळकट पाणी ओतून द्यावं आणि हाडं धुवून नव्या पाण्यात कुकरला लावावीत. एक शिट्टी झाली की गॅस बारीक: मटणाला तासभर, कोंबडीला पस्तीस-चाळीस मिनिटं. व्हिनेगर घातल्याने भरपूर कॅल्शियम उतरतं असं सांगतात. प्रत्यक्षात फारसं उतरत नाही.

सूप रात्रभर झाकून ओट्यावर ठेवू नये. काही जंतूंची बीजं उकळीतूनही वाचतात आणि कोमट सुपात झपाट्याने वाढतात. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहावं, दोन तासांच्या आत सूप फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. तिथे ते तीन-चार दिवस टिकतं. फ्रीजरमध्ये ठेवायचं तर डब्यात वर दोन बोटं जागा सोडावी, गोठताना ते फुगतं. मीठ घालायचं ते पिताना.

वीज गेली तर फ्रीजरचं दार उघडायचं नाही. गच्च भरलेला फ्रीजर साधारण 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24 तास. वीज आल्यावर पुड्यात बर्फाचे कण दिसत असतील तर तो परत गोठवता येतो. मऊ पडलेली पण फ्रीजइतकी गार हाडं त्याच दिवशी कुकरला लावावीत, आणि गारवा गेलेली टाकून द्यावीत.