एस्पेरांतोत आकडे मांडताना या चुका टाळा

झामेनहोफ यांनी स्वतः रचलेली एस्पेरांतो ही भाषा १८८७ साली वॉर्सात प्रसिद्ध केली, ती कोणालाही लवकर शिकता यावी म्हणून. आकड्यांचं बहुतेक काम बारा शब्दांत होतं: उनु, दु, त्रि, क्वार, क्विन, सेस, सेप, ओक, नाउ, डेक, शंभराला त्सेंट, हजाराला मिल. ‘चांगला’मधला च येणाऱ्याला त्सेंट जड जात नाही. तरी वऱ्हाडातला कास्तकार अडतो, तो लाखावर.

एस्पेरांतोत अंक तीन-तीनच्या गटांनी जातात. कापसाची पट्टी १२,५०,००० रुपयांची असेल, तर ‘बारा लाख पन्नास हजार’ मनात धरून शब्दाला शब्द लावू नका. गाडी तिथंच फसते. आधी स्वल्पविराम पुसा, मग उजवीकडून तीन-तीन अंक तोडा: १ २५० ०००. आता वाचा: उनु मिलिओनो दुत्सेंट क्विनडेक मिल. लाख म्हणजे त्सेंट मिल, कोटी म्हणजे डेक मिलिओनोय.

गटांमध्ये मोकळी जागाच सोडा. एस्पेरांतोत स्वल्पविराम सहसा दशांशचिन्हाचं काम करतो. तुम्ही ‘२,५०० क्विंटल’ लिहिलंत, तर वाचणारा अडीच क्विंटल समजेल. सौदा करायचा असेल तर ही चूक परवडायची नाही.

दुडेक म्हणजे वीस, डेक दु म्हणजे बारा. क्रम उलटला की रक्कम उलटली. दशक आणि शतक जोडून लिहा, हजार मात्र सुटा: दुत्सेंट, पण दु मिल.

बावन्नमध्ये आपण दोन आधी म्हणतो; तिथे दशक आधी, क्विनडेक दु. एकोणतीसला एक उणा करत बसू नका, सरळ दुडेक नाउ. दीड, अडीचला मात्र एकेरी शब्द नाही. अडीच एकर सांगायचं तर दु काय दुओनो, दोन आणि अर्धा. इथलं ‘काय’ प्रश्न विचारत नाही, ते ‘आणि’ आहे.

शेवटची खोड मिलिओनोची. तो नाम असल्यामुळे पुढे ‘दा’ लागतं आणि अनेकवचनही होतं: दु मिलिओनोय दा रुपिओय. मिलला यातलं काहीच नको, दु मिल रुपिओय पुरे. बैल दोन असले तरी ‘दु’ तसाच राहतो, अनेकवचनाचं शेपूट ‘य’ बैलालाच: दु बोवोय.