२०० मिलिसेकंद म्हणजे किमान २०० मिलिसेकंद: नोडमध्ये टायमर आणि कॉलबॅक नीट कसे वापरावेत

नोड म्हणजे ब्राउझरच्या बाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली. तिथे सेटटाइमआउट या टायमरला २०० मिलिसेकंद सांगितले की कॉलबॅक, म्हणजे नंतर चालवायला दिलेलं फंक्शन, बरोबर २०० मिलिसेकंदांनी चालणार, असं आपण धरून चालतो. टायमरच्या बऱ्याचशा चुकांचं मूळ इथेच आहे. त्या आकड्याचा अर्थ ‘२०० च्या आधी नाही’ एवढाच. उशीर किती होईल, हे त्या क्षणी थ्रेड, म्हणजे कोड ओळीने चालवणारा धागा, मोकळा आहे की नाही यावर ठरतं, आणि तुमची जावास्क्रिप्ट चालवणारा थ्रेड एकच असतो.

हे एकदा स्वतः चालवून बघा. परफॉर्मन्स.नाऊ ने सुरुवातीची वेळ टिपून ठेवा. २०० मिलिसेकंदांचा टायमर लावा आणि त्याच्या कॉलबॅकमध्ये किती वेळ गेला ते छापा. टायमर लावल्यावर लगेच खाली एक व्हाइल लूप लिहा, जो १५०० मिलिसेकंद नुसता फिरत राहील. उत्तर २०० च्या आसपास येणार नाही, १५०० च्या थोडं वर येईल. आता सेटटाइमआउटच्या जागी १०० मिलिसेकंदांचा सेटइंटरव्हल, म्हणजे तेवढ्या अंतराने पुन्हा पुन्हा चालणारा टायमर, ठेवा. अडलेल्या दीड सेकंदात पंधरा फेऱ्या व्हायला हव्या होत्या, पण व्हाइल लूप सुटल्यावर चालते ती एकच. हुकलेल्या फेऱ्या नंतर भरून निघत नाहीत. त्यामुळे इंटरव्हल किती वेळा चालला हे मोजून वेळ काढणारं घड्याळ हमखास मागे पडतं.

लूपची फेरी कशी फिरते

नोडच्या खाली लिबयूव्ही नावाची लायब्ररी आहे. ती ‘इव्हेंट लूप’ (पुढे नुसतं ‘लूप’) चालवते, जो ठरलेल्या टप्प्यांतून फिरत राहतो: मुदत संपलेले टायमर, मग फाइल आणि नेटवर्ककडून आलेली कामं, मग सेटइमिजिएटचे कॉलबॅक, शेवटी बंद झालेल्या सॉकेट वगैरेंची आवराआवर. प्रत्येक कॉलबॅक संपला की पुढच्याला हात लावण्याआधी दोन रांगा पूर्ण रिकाम्या केल्या जातात: आधी प्रोसेस.नेक्स्टटिकची (चालू कॉलबॅक संपताच करायची कामं), नंतर प्रॉमिसची (पुढे मिळणाऱ्या निकालावर अवलंबून असलेली कामं).

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, शून्य मिलिसेकंदांचा टायमर म्हणजे ‘लगेच’ नव्हे. नोड शून्याचा १ करतो आणि लूपच्या फेरीची वाट बघायला लावतो. मुख्य फाइलमध्ये शून्याचा टायमर आणि सेटइमिजिएट शेजारी शेजारी लिहिले तर कोण आधी चालेल याची खात्री नाही. प्रोसेस सुरू होताना तो एक मिलिसेकंद उलटला होता की नव्हता, यावर ते ठरतं. पण हेच दोन्ही फाइल वाचण्याच्या कॉलबॅकमध्ये लिहिले तर सेटइमिजिएट नेहमी आधी, कारण त्या टप्प्यानंतर त्याचाच नंबर असतो. क्रमावर काही अवलंबून असेल तर तो टायमरच्या भरवशावर सोडू नका, एका कॉलबॅकच्या आतून दुसरा सुरू करा.

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. नेक्स्टटिकच्या आतून पुन्हा नेक्स्टटिक लावत गेलात तर ती रांग कधी रिकामीच होत नाही. लूप पुढे सरकत नाही, सर्व्हर कनेक्शन घेत नाही, टायमर वाजत नाहीत. एररही दिसत नाही, फक्त एक सीपीयू कोअर शंभर टक्क्यांवर चढलेला दिसतो.

कॉलबॅक हातात देताना

सेटटाइमआउटला फंक्शन द्यायचं असतं, फंक्शनचा निकाल नव्हे. नावापुढे कंस टाकले की ते तिथल्या तिथे चालतं आणि टायमरच्या हाती बहुधा अनडिफाइन्ड, म्हणजे ‘काहीच नाही’, येतं. नोड अशा वेळी स्पष्ट एरर देतो, ब्राउझर मात्र गप्प राहतो आणि टायमर कुठे गेला म्हणून आपण शोधत बसतो. आर्ग्युमेंट द्यायची असतील तर ती मिलिसेकंदांच्या पुढे लिहा किंवा सगळं एका ॲरो फंक्शनमध्ये गुंडाळा.

ऑब्जेक्टची मेथड थेट दिली तर धिस, म्हणजे मेथडला तिच्या ऑब्जेक्टशी जोडणारा संदर्भ, सुटतो. नोडमध्ये त्या जागी टायमरचा स्वतःचा ऑब्जेक्ट येतो, त्यामुळे धिस.नाव वाचलं की एरर न येता अनडिफाइन्ड मिळतं आणि तेच पुढे डेटाबेसपर्यंत जाऊ शकतं. इथेही ॲरो फंक्शन किंवा धिस पक्का बांधणारं बाइंड वापरा.

सेटटाइमआउटभोवती ट्राय-कॅच लावून उपयोग नाही. कॉलबॅक चालतो तेव्हा तो ट्राय केव्हाच संपलेला असतो. ट्राय-कॅच कॉलबॅकच्या आत हवा.

कॉलबॅक घेणारं फंक्शन तुम्ही स्वतः लिहीत असाल तर दोन नियम पक्के पाळा. कॉलबॅक नेमका एकदाच बोलवा: एरर आली म्हणून तो बोलावला आणि पुढे रिटर्न लिहायला विसरलात, तर कोड तसाच खाली घसरतो आणि तोच कॉलबॅक यशाचा निरोप घेऊन दुसऱ्यांदा चालतो. आणि तो कधी तत्काळ, कधी नंतर असा चालू देऊ नका. कॅशमध्ये उत्तर सापडलं म्हणून जागीच कॉलबॅक बोलावणारं फंक्शन चाचणीत, कॅश रिकामी असताना, चालतं. कॅश भरलेली असताना मात्र बोलावणाऱ्याच्या पुढच्या ओळी चालण्याआधीच उत्तर येतं, आणि त्या ओळींत जे व्हेरिएबल तयार व्हायचं होतं ते अजून नसतं. कॅशमधलं उत्तरही क्यूमायक्रोटास्कमधून, म्हणजे प्रॉमिसच्याच रांगेतून, द्या.

पुन्हा पुन्हा करायचं काम

दर ५ सेकंदांनी एखाद्या एपीआयला विचारायचं आहे आणि उत्तराला कधीकधी ८ सेकंद लागतात. सेटइंटरव्हलला अवेटशी, म्हणजे उत्तर येईपर्यंत थांबण्याशी, देणंघेणं नाही. पहिली विनंती अधांतरी असतानाच तो दुसरी सोडतो. समोरचा सर्व्हर मंदावला की विनंत्या साचतात आणि तो आणखी मंदावतो. शिवाय इंटरव्हलला दिलेल्या असिंक (अवेट वापरणाऱ्या) फंक्शनमधून एरर बाहेर आली तर नोड १५ पासून न पकडलेलं रिजेक्शन (प्रॉमिसचं अपयश) सगळी प्रोसेसच बंद पाडतं.

म्हणून अशा कामाला साखळी लावा. एक फंक्शन लिहा. त्यात ट्रायमध्ये काम अवेट करा, कॅचमध्ये एरर लॉग करा आणि फायनलीमध्ये पुढचा सेटटाइमआउट लावा. एक काम संपल्याशिवाय दुसरं सुरूच होत नाही. थांबवण्यासाठी ‘बंद’ असा एक बूलियन ठेवा आणि फायनलीमध्ये पुढचा टायमर लावण्याआधी तो तपासा. नुसतं क्लिअरटाइमआउट पुरत नाही, कारण थांबवण्याचा हुकूम अवेट चालू असताना आला तर त्या क्षणी रद्द करायला टायमरच नसतो.

ठोका पक्का हवा असेल, म्हणजे प्रत्येक सेकंदाच्या काट्यावर, तर दर वेळी १००० लावू नका. आधीच्या फेरीला झालेला ३-४ मिलिसेकंदांचा उशीर पुढच्या फेरीत तसाच राहतो आणि साचत जातो. सुरुवातीची वेळ जपा, पुढच्या फेरीचा क्रमांक १००० ने गुणून तीत मिळवा, त्यातून आत्ताची वेळ वजा करा आणि उरेल तेवढाच टायमर लावा. वजाबाकी ऋण आली तर शून्य. यासाठी डेट.नाऊ नको. मशीनचं घड्याळ नेटवर्कवरून दुरुस्त झालं की ते मागेपुढे उडी मारतं. परफॉर्मन्स.नाऊ फक्त पुढेच जातं.

वेळमर्यादा लावताना उरलेला टायमर

नेटवर्कच्या कामाला मर्यादा म्हणून प्रॉमिस.रेसमध्ये (आधी संपेल त्याचा निकाल घेणारी शर्यत) एका बाजूला विनंती आणि दुसऱ्या बाजूला ३० सेकंदांचा टायमर ठेवण्याची पद्धत सगळीकडे दिसते. विनंती अर्ध्या सेकंदात पुरी होते, निकाल छापला जातो, आणि टर्मिनलचा प्रॉम्प्ट मात्र परत येत नाही. शर्यत हरलेला टायमर जिवंत असतो आणि जिवंत टायमर असेपर्यंत नोड प्रोसेस सोडत नाही. उरलेले साडेएकोणतीस सेकंद ती त्याच्यासाठी ताटकळते. उलट बाजूने टायमर जिंकला तरी विनंती रद्द होत नाही, तिचं सॉकेट उघडंच राहतं.

फेचसाठी (नेटवर्कवर विनंती पाठवणारं फंक्शन) सरळ अबॉर्टसिग्नल.टाइमआउट वापरा. ते मुदत संपली की विनंती खरोखर तोडतं, आणि नोडमध्ये त्याचा टायमर प्रोसेसला अडवून धरत नाही. स्वतः रेस लिहायचीच असेल तर फायनलीमध्ये क्लिअरटाइमआउट करा. दर मिनिटाला कॅश साफ करणाऱ्या दुय्यम टायमरवर अनरेफ बोलवा. तो चालत राहील, पण त्याच्या एकट्यासाठी प्रोसेस थांबणार नाही.

लांब मुदतीचं एक गणित: टायमरची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ मिलिसेकंद, म्हणजे २४ दिवस २० तासांच्या थोडं वर. ३० दिवसांचा टायमर लावलात तर नोड एक इशारा छापून तो १ मिलिसेकंदाचा करतो. महिन्याने जायची आठवण त्याच क्षणी निघून जाते. शिवाय प्रोसेस रीस्टार्ट झाली की सगळे टायमर पुसले जातात. दिवसांच्या मुदती डेटाबेसमध्ये तारीख म्हणून ठेवा आणि दर मिनिटाला तपासा.

जड काम

एक लाख ओळींवर प्रक्रिया करायची असेल तर ५००-५०० चे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यानंतर सेटइमिजिएटने पुढचा लावा. मध्ये नुसतं अवेट प्रॉमिस.रिझॉल्व्ह टाकल्याने श्वास मिळत नाही, कारण प्रॉमिसची रांग त्याच जागी उपसली जाते आणि लूप पुढे सरकतच नाही. मोठ्या जेसॉन.पार्ससारखं (मजकुरातून डेटा उलगडणं) न तुटणारं काम वर्कर थ्रेडकडे, म्हणजे वेगळ्या थ्रेडकडे, द्या.

लूप खरंच अडतोय का, हे अंदाजाने ठरवू नका. नोडच्या पर्फ हुक्स मॉड्यूलमधलं, लूपचा उशीर मोजणारं मॉनिटरइव्हेंटलूपडिले सुरू करा आणि दर १० सेकंदांनी ९९ वा पर्सेंटाइल (शंभरातली ९९ मापं ज्याच्या आत येतात तो आकडा) लॉग करून रीसेट करा. त्याचे आकडे नॅनोसेकंदांत असतात, १० लाखांनी भागल्यावर मिलिसेकंद मिळतात. मापनाचा डीफॉल्ट ठोकाच १० मिलिसेकंदांचा असल्याने निवांत सर्व्हरही दहा-अकरा दाखवतो, तेवढ्यावर घाबरू नका. आकडा शंभराच्या वर वारंवार जात असेल तर त्याच वेळेच्या लॉगमध्ये कोणती विनंती चालू होती ते पाहा आणि सीपीयू प्रोफाइल, म्हणजे कोणत्या फंक्शनने किती वेळ खाल्ला याची नोंद, तिथेच घ्या.