पेटी कीबोर्डात न्यायची तर आधी काय तयारी हवी

दिवाळी पहाट साडेपाचला सुरू होते, म्हणजे साउंड चेक चारला. त्या वेळेला थंडीत लॅपटॉप उघडायचा, ऑडिओ इंटरफेस जोडायचा आणि आवाजांची लायब्ररी लोड होईपर्यंत निवेदिकेकडे बघून हसत राहायचं, हे मी तीन वर्षं केलं. मग कॉन्टॅक्ट या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममधली पेटी, सनई आणि ढोलकी कायमची कॉर्ग क्रोनॉस या कीबोर्डमध्ये हलवली. पहिल्या खेपेला बरंच काम दोनदा करावं लागलं. पुन्हा करायची वेळ आली तर कोणत्या क्रमाने तयारी करीन, ते लिहितोय. माझं मशीन क्रोनॉस आहे. यामाहा मोंटाज किंवा मोडएक्सवाल्यांना जिथे फरक पडतो, तिथे ते सांगेन.

सुरुवात कॉम्प्युटरपासून करू नका, गाण्यांच्या यादीपासून करा. कार्यक्रमातली गाणी कागदावर उतरवा. प्रत्येक गाण्यापुढे कोणतं वाद्य वाजणार, कोणत्या पट्टीत आणि साधारण कुठल्या सुरापासून कुठल्या सुरापर्यंत, हे लिहा. माझ्या लायब्ररीत पेटीचे अकरा प्रकार होते. अठरा गाण्यांत लागले दोन: एक नुसता नर सूर आणि एक खर्ज-नर एकत्र (खर्ज म्हणजे नरापेक्षा एक सप्तक खालची रीड). उरलेले नऊ मी पहिल्या खेपेला हौसेने हलवले होते, आणि त्यांना आजपर्यंत बोट लागलेलं नाही.

मग परवाना वाचा. कंटाळवाणं आहे, पण वाचा. बऱ्याच लायब्ऱ्यांच्या अटींत ते आवाज आपल्या संगीतात वाजवायला मुभा असते, पण दुसऱ्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेले सूर वाजवणाऱ्या यंत्रात, उतरवून घ्यायला नसते. काही बनवणारे स्वतःच्या वापरापुरतं चालेल असं लिहितात, काही साफ नाही म्हणतात. अटी धूसर असतील तर बनवणाऱ्याला दोन ओळींचा ईमेल पाठवा. कुलूपबंद लायब्ररीचं कुलूप तोडायच्या वाटेला जाऊ नका. आणि तयार झालेला सेट ग्रुपवर ‘घ्या रे सगळ्यांनी’ म्हणून टाकणं तर कुठल्याच परवान्यात बसत नाही. ‘इंडियन टोन’चे पेनड्राइव्ह बाजारात कसे फिरतात ते आपल्याला ठाऊक आहेच. परवाना आड येत असेल तर सरळ ओळखीच्या वादकाला घरी बोलवा आणि त्याची पेटी माइकवर घ्या. एक दुपार जाते, पण आवाज आपला असतो.

आता मार्ग ठरवायचा. मार्ग दोन आहेत. फायली उघड्या असतील, म्हणजे साधे वेव्ह किंवा साउंडफाँट (रेकॉर्डिंग आणि त्यांची मांडणी एकाच फाइलमध्ये), तर रूपांतर करणारा प्रोग्राम वापरता येतो. कन्व्हर्टविथमॉस फुकट आहे आणि कॉर्गच्या केएमपी-केएसएफ प्रकारच्या फायली लिहितो; चिकन सिस्टिम्सचा ट्रान्सलेटर विकत घ्यावा लागतो. साउंडफाँट दुरुस्त करायला पॉलीफोन आहे, तोही फुकट. क्रोनॉस साउंडफाँट २ स्वतः वाचतो, त्यामुळे पॉलीफोनमध्ये नीट लावून तीच फाइल मशीनला देणं ही मला सगळ्यात बिनडोकेदुखीची वाट वाटते. कॉन्टॅक्टच्या फायली एनसीडब्ल्यू या आवळलेल्या स्वरूपात असतील तर तुमच्या प्रोग्रामला त्या उलगडता येतात का, हे आधी एका फाइलवर पाहा. दुसरा मार्ग म्हणजे ऑटो सॅम्पलिंग: प्रोग्राम एकेक सूर मिडीने (वाद्यांना सुरांचे हुकूम देण्याची भाषा) वाजवतो, आवाज रेकॉर्ड करतो, कापतो आणि कीबोर्डवर मांडतो. सॅम्पलरोबोट हे करतो. मॅकवर मेनस्टेज आणि लॉजिकमध्ये ऑटो सॅम्पलर आहे.

कुठलाही मार्ग धरा, काय येणार नाही हे आधी मनाशी मान्य करा. कॉन्टॅक्टमधली स्क्रिप्ट, म्हणजे लायब्ररीच्या आत लिहिलेल्या सूचना, येत नाही. खालच्या पट्ट्या दाबून वादनप्रकार बदलण्याची सोय येत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर जातानाचा खराखुरा जोड येत नाही. सनईची मींड तुम्हाला पिच बेंडवरच काढावी लागणार. डग्ग्याचा घिस्सा, म्हणजे तळहात घासत काढलेला बोल, तर एका सॅम्पलमध्ये (एका रेकॉर्डिंगमध्ये) मावतच नाही. दोन-तीन तयार घिस्से वेगळ्या पट्ट्यांवर ठेवायचे आणि भागवायचं. एकच थाप लागोपाठ दाबली तर दर वेळी वेगळी रेकॉर्डिंग वाजावी, ही सोय मोंटाज-मोडएक्सला एक्सए कंट्रोल या सेटिंगमधल्या सायकल आणि रँडम यांनी मिळते. क्रोनॉसवर मी साधी युक्ती केली: ढोलकीच्या ‘ना’ची दोन रेकॉर्डिंग शेजारच्या दोन पट्ट्यांवर ठेवली आणि दोन बोटांनी आलटून पालटून वाजवतो. लावणीच्या ठेक्यात हे बोटांना सोयीचंच पडतं.

मेमरीचा हिशेब कागदावर करा. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ म्हणजे एका सेकंदाला १,९२,००० बाइट. मोनो केलं की निम्मे, ९६,०००. आपल्या बहुतेक हॉलमध्ये आणि मंडपात साउंडवाला कीबोर्डची एकच तार घेतो, डावी. मग पेटी स्टिरिओत ठेवून कोणासाठी? पेटीच्या ४२ पट्ट्या, प्रत्येकी पाच सेकंद, मोनो: साधारण २० एमबी. एवढ्यात अख्खी पेटी बसते, तीही प्रत्येक पट्टीचं स्वतंत्र रेकॉर्डिंग घेऊन. मोडएक्सला यासाठी १ जीबी फ्लॅश मेमरी आहे, मोंटाजला १.७५ जीबी. जागा भरपूर आहे म्हणून भरत सुटू नका, एवढंच. पियानो मात्र स्टिरिओतच घ्यायचा असेल तर आधी मोनो करून ऐका. काही स्टिरिओ पियानो एका तारेवर आले की पोकळ ऐकू येतात, आणि हे कळायला मंडपाची वाट बघायची गरज नाही.

वाद्य ओळखून थर ठरवा. क्रोनॉसच्या एचडी-१ मध्ये, म्हणजे सॅम्पल वाजवणाऱ्या इंजिनात, एका ऑसिलेटरला (आवाजाच्या एका भागाला) जोराप्रमाणे बदलणारे आठ थर देता येतात, पण पेटीला त्यातला एकच लागतो. पेटीची पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज मोठा होत नाही. आवाज भात्यावर असतो. म्हणून पट्टीच्या जोराचा परिणाम शून्यावर आणा आणि एक्स्प्रेशन पेडल हाच भाता समजा. पेडल नसेल तर आधी पेडल घ्या, लायब्ररी नंतर. ढोलकीचं उलटं. तिथे तीन-चार थर खरंच लागतात, कारण हळू थाप आणि कडक थाप यांचा पोतच वेगळा.

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी लायब्ररीतला रिव्हर्ब बंद करा. मी एकदा विसरलो आणि पेटी कायमची चर्चमध्ये वाजू लागली. त्यावर मशीनचा रिव्हर्ब, त्यावर हॉलचा. इक्वलायझर, कंप्रेसर, कोरस, सगळं बंद. प्रोजेक्ट सुरुवातीपासून ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, आणि क्रोनॉसचं सॅम्पलिंग १६ बिटचं आहे हे लक्षात ठेवून २४ बिटवरून उतरताना डिदर (बिट कमी करताना मिसळायची बारीकशी खरखर) लावा. लायब्ररीचं ट्यूनिंग ४४० हर्ट्झला आहे ना, तेही तपासा. जुन्या पेट्यांवरून केलेल्या लायब्ऱ्या कधी कधी थोड्या वर-खाली असतात. एकटी वाजते तेव्हा गोड लागते, बासरीवाला बरोबर आला की दात शिवशिवतात.

सॅम्पलच्या सुरुवातीची शांतता कापायची, हे सगळे सांगतात. किती, ते ऐकूनच ठरवा. ऑटो सॅम्पलिंगमध्ये ऑडिओच्या विलंबामुळे काही मिलिसेकंद रिकामे राहतात. पेटीवर चाललं तरी ढोलकीवर दहा मिलिसेकंदही हाताला जड वाटतात, वादक म्हणतो ‘कीबोर्ड मागे पडतोय’ आणि आपण मॉनिटरला शिव्या देतो. आणि प्रत्येक सॅम्पल वेगळं नॉर्मलाइज करू नका, म्हणजे एकेकाचा आवाज कमाल पातळीपर्यंत वाढवू नका. केलंत तर हळू थाप आणि जोरकस थाप दोन्ही सारख्या मोठ्या होतात, थरांची सगळी मेहनत पाण्यात. सगळ्या संचाला एकच वाढ द्या.

लूपवर वेळ घालवा. माझा निम्मा वेळ इथेच गेला. पेटीचा सूर लांब धरतो, पाच सेकंदांच्या सॅम्पलवर तो धरायचा तर लूप, म्हणजे सॅम्पलचा एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणं, हवाच. नर सुराचा लूप सोपा असतो. खर्ज-नर एकत्र असला की दोन रीड अगदी तंतोतंत जुळलेल्या नसतात. त्यांच्यातून एक हलकी लहर येते, आणि पेटीचा जिवंतपणा तोच. समजा खर्जाचा दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा) २६१ हर्ट्झ आणि नर २६२, तर लहर सेकंदाला एक. तिथे लूप एक सेकंदाचा किंवा दोनाचा हवा. सव्वा सेकंदाचा धरलात तर प्रत्येक फेरीला लहर मध्येच तुटते आणि कोणीतरी भाता अडखळत मारतोय असं वाटतं. म्हणून आधी लहर मोजा, मग लूपची लांबी ठरवा, शेवटी क्रॉसफेडने, म्हणजे एक टोक दुसऱ्यात हळूच विरवून, सांधा पुसा. वरच्या सुरांत लहर भराभर येते, तिथे छोटा लूप चालतो. प्रत्येक सूर निदान वीस सेकंद धरून ऐका, हेडफोनवर, रात्री.

मांडणी करताना एक सापळा हमखास लागतो. मिडीचा ६० नंबरचा सूर कॉर्ग आणि रोलँडच्या भाषेत सी४, यामाहाच्या आणि कॉन्टॅक्टच्या भाषेत सी३. फायलींची नावं सुरांवरून असतील तर अख्खी पेटी एक सप्तक वर किंवा खाली येते. नाव देताना मिडी नंबर वापरा, वाद संपतो.

मग कडा. पेटीच्या ४२ पट्ट्यांच्या पलीकडे सॅम्पल नाही, म्हणून लोक तिथे रिकामं सोडतात. पण आपल्याकडे गायिका ऐन वेळी म्हणते, आज काळी दोन नको, पांढरी पाच द्या. तुम्ही ट्रान्सपोज दाबता आणि वरच्या चार पट्ट्या मुक्या. सगळ्यात खालचं आणि सगळ्यात वरचं सॅम्पल निदान पाच-सहा पट्ट्या पुढे ताणून ठेवा. ताणलेला सूर खरा वाटत नाही, पण गप्प राहण्यापेक्षा बरा. ढोलकीच्या किटचं उलट: ती ट्रान्सपोजबरोबर सरकता कामा नये, नाहीतर ‘ना’च्या जागी ‘धूम’ येतो.

नावं आखूड आणि रोमन अक्षरांत द्या, मशीनच्या पडद्यावर देवनागरी येत नाही. क्रोनॉसमध्ये स्टिरिओ मल्टिसॅम्पल (पट्ट्यांवर मांडलेल्या सॅम्पलचा संच) म्हणजे डाव्या-उजव्याची जोडी, आणि ती नावाच्या शेवटी ‘-एल’ आणि ‘-आर’ असेल तरच एकमेकांना ओळखते. नाव मध्येच बदललं की जोडी फुटते आणि अर्धाच आवाज येतो.

पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. मॅकवरून कॉपी केली असेल तर टिंब-अधोरेषेने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायली मशीनच्या यादीत दिसतील, त्या काढून टाका. नवीन काही भरण्याआधी मशीनमधलं सगळं जुनं सेव्ह करून दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा, आणि तो पेनड्राइव्ह कीबोर्डच्या बॅगेत नको, घरी.

आता माझी फजिती. क्रोनॉसमध्ये प्रोग्राम पीसीजी फाइलमध्ये असतात आणि सॅम्पलची यादी केएससी फाइलमध्ये. पीसीजी लोड झाली तर पडद्यावर पेटीचं नाव दिमाखात दिसतं. केएससी लोड झाली नसेल तर दाबलं की काहीच वाजत नाही. अभंगाच्या सुरुवातीला मला हे कळलं. टाळकऱ्यांनी दोन आवर्तनं जास्त मारली, मी तोवर ऑर्गनवर सरकलो, बाहेर कोणाला कळलं नाही असं मी अजून मानतो. त्यामुळे केएससी आपोआप लोड होण्याच्या यादीत घाला, मशीन पूर्ण बंद करा, पुन्हा चालू करा आणि काहीही न दाबता थेट पेटीवर जा. हे कार्यक्रमाच्या आधी आठवडाभर रोज करा. मोंटाज-मोडएक्सवाल्यांना यातलं फारसं काही लागत नाही, त्यांचं फ्लॅशमध्ये राहतं.

क्रोनॉस चालू व्हायला दोनेक मिनिटं सहज लागतात आणि तुमचे सॅम्पल जितके जास्त तितका वेळ वाढतो. मंडपात वीज जाते, जनरेटर सुरू होतो, दिवे डोळा मिचकावतात आणि परत येतात. कीबोर्ड मात्र पहिल्यापासून सुरू होतो. घरच्या कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस स्टेजवर न्या. साउंडवाला हसेल, हसू दे.

एकदा खऱ्या साउंड सिस्टिमवर, खऱ्या पेडलने, गायिकेसोबत रंगीत तालीम करा. घरच्या हेडफोनवर भारी वाटणारी खर्ज-नर पेटी तिथे बास गिटारच्या अंगावर जाते. माझी दोनशे हर्ट्झच्या खाली बरीच कापावी लागली. बदल केलात की लगेच सेव्ह. शेवटी गाणं, बँक, नंबर आणि ट्रान्सपोज एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्याला पारदर्शक टेपने चिकटवा. पहाटे साडेचारला चष्मा कुठल्या बॅगेत आहे ते आठवत नाही.