टपाली मतदान : सहीचा फोटो जपून ठेवा

अमेरिकेतील अनेक राज्यांत टपाली मतपत्रिकेच्या लिफाफ्यावरील सही सरकारी नोंदीतील सहीशी ताडून पाहिली जाते आणि ती न जुळल्यास मत बाद होऊ शकते. पूर्वी मराठीत सही करणाऱ्या आणि पुढे इंग्रजीत करू लागलेल्या आपल्या ज्येष्ठ मंडळींनी हे विशेष जपावे.

१. मतदार नोंदणीचा कागदी अर्ज पाठवण्यापूर्वी त्यावरील सहीचा फोटो काढून ठेवावा. नोंदणी ऑनलाइन केली असल्यास बहुधा वाहन परवान्यावरील सहीच वापरली जाते, म्हणून परवाना समोर ठेवावा.

२. मतपत्रिका आल्यावर तो फोटो पाहूनच लिफाफ्यावर सही करावी. पेन्सिल्व्हेनियात मतपत्रिका आधी आतल्या गोपनीय लिफाफ्यात घालणे बंधनकारक आहे, तर काही राज्यांत साक्षीदाराचीही सही लागते, त्यामुळे सोबतची सूचना शेवटपर्यंत वाचावी.

३. लिफाफ्यावर दूरध्वनी क्रमांकासाठी जागा असल्यास तो अवश्य लिहावा, कारण सहीबद्दल शंका आल्यास अनेक राज्यांत मतदाराशी संपर्क साधून चूक दुरुस्त करण्याची संधी दिली जाते.

४. लिफाफा मुदतीच्या किमान आठवडाभर आधी टपालात टाकावा. उशीर झालाच, तर जिथे अधिकृत मतपेटीची सोय आहे तिथे तो स्वतः नेऊन टाकणे मला अधिक खात्रीचे वाटते.

मात्र ग्रीनकार्डधारकांनी वाहन परवान्याच्या अर्जातील मतदार नोंदणीच्या चौकोनात चुकूनही खूण करू नये; नागरिक नसताना झालेली नोंदणी पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या आड येऊ शकते.