फिशटँकच्या डिमेबल एलईडीला पॉवर सप्लाय घेताना या चुका टाळा

लाइट लुकलुकायला लागला की पहिला संशय डिमरवर जातो आणि नवा डिमर आणला जातो. पण बहुतेक वेळा चूक सप्लाय निवडतानाच झालेली असते. म्हणून लॅमिंग्टन रोडच्या दुकानात ‘१२ व्होल्टचा अडॅप्टर द्या’ म्हणण्याआधी लाइटच्या मागचं लेबल वाचा.

व्होल्ट ठरलेला की करंट, हेच न बघणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. लेबलवर ‘१२ व्होल्ट डीसी’ किंवा ‘२४ व्होल्ट डीसी’ असेल तर कॉन्स्टंट व्होल्टेज सप्लाय (व्होल्ट ठरलेला ठेवणारा), म्हणजे साधा अडॅप्टर किंवा एसएमपीएस (पत्र्याच्या डब्यातला सप्लाय) चालतो. अशा एलईडी पट्टीवर, म्हणजे स्ट्रिपवर, करंट आवरणारे रेझिस्टर आधीच बसवलेले असतात. ‘७०० मिलीअँपिअर’ असं लिहिलं असेल, किंवा ३ वॉटचे सुटे एलईडी सिरीजमध्ये जोडून लाइट बनवला असेल, तर कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरच, म्हणजे करंट ठरलेला ठेवणारा सप्लाय लागतो. अशा एलईडीला थेट एसएमपीएस जोडला की ते तापतात. तापले की त्यांचा व्होल्टेज उतरतो, तसा करंट वाढतो, मग ते आणखी तापतात आणि जळतात.

ड्रायव्हरची व्होल्टेज रेंजही जुळायला हवी. पांढरा किंवा निळा एलईडी ७०० मिलीअँपिअरला साधारण ३.२ ते ३.४ व्होल्ट घेतो. १० एलईडींचे झाले ३२ ते ३४ व्होल्ट. इथे २४–४२ व्होल्ट रेंजचा ड्रायव्हर योग्य. १८–३० वाला एक तर पेटणार नाही, नाही तर मिचकावत राहील. मीन वेल कंपनीचा एलडीडी-७००एच हा ७०० मिलीअँपिअरचा ड्रायव्हर मरीन (खाऱ्या पाण्याच्या) टाकीवाले बरेच वापरतात. पण तो व्होल्टेज फक्त खाली उतरवतो. या १० एलईडींसाठी त्याला मागून २४ व्होल्ट देऊन काही उपयोग नाही, ४८ व्होल्टचा सप्लाय द्या.

२३० व्होल्टच्या बाजूला डिमर

पंख्याचा रेग्युलेटर किंवा भिंतीवरचा डिमर साध्या अडॅप्टरच्या आधी लावू नका. येणारा व्होल्टेज कमी झाला तरी अडॅप्टर आउटपुट तेवढाच ठेवायचा प्रयत्न करतो; मग गुणगुणतो, फडफडतो आणि शेवटी जातो. स्ट्रिपसाठी पीडब्ल्यूएम डिमर (वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करणारा) अडॅप्टर आणि स्ट्रिप यांच्या मध्ये, डीसी बाजूला लावतात. ड्रायव्हर असेल तर त्यावर डिमिंगच्या वेगळ्या वायर हव्यात: ०–१० व्होल्टच्या किंवा पीडब्ल्यूएम सिग्नलच्या. त्या नसतील तर तो ड्रायव्हर सहसा डिम होत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

वॉटचा हिशेब काठोकाठ

मीटरला १४.४ वॉटची स्ट्रिप, २ मीटर घेतली तर २८.८ वॉट. १२ व्होल्टला २.४ अँपिअर. अडॅप्टरवर ८० टक्क्यांपर्यंतच लोड टाकायचा, या हिशेबात ३ अँपिअरचा बसतो खरा, पण टाकीखालच्या बंद कपाटात, मे महिन्यात, रोज आठ-दहा तास चालवायचा असेल तर ५ अँपिअरचाच घ्या. अँपिअर जास्त असल्याने स्ट्रिपचं काही बिघडत नाही, ती लागेल तेवढाच करंट ओढते. व्होल्ट मात्र जास्त चालत नाही. ड्रायव्हरच्या बाबतीत करंटही एलईडीच्या मर्यादेपेक्षा जास्त जाता कामा नये.

पिनही तपासा. ५.५ बाय २.१ आणि ५.५ बाय २.५ मिलिमीटरच्या पिना बाहेरून सारख्याच दिसतात. २.१ च्या सॉकेटमध्ये २.५ ची पिन ढिली बसते, तिथे ठिणगी पडते आणि प्लास्टिक वितळतं.

पाणी, खारी हवा, अर्थिंग

पत्र्याच्या जाळीच्या काही एसएमपीएसवर ११५/२३० चा छोटा स्विच असतो. तो २३० वर आहे ना, हे प्लग लावण्याआधी बघा; ११५ वर राहिला तर सप्लाय उडतो. या सप्लायला अर्थिंग द्याच. एलईडी बल्बमधून काढलेला स्वस्त ड्रायव्हर टाकीवर कधीही वापरू नका. तो बहुतेकदा आयसोलेटेड (मेनपासून वेगळा केलेला) नसतो, म्हणजे एलईडीच्या वायरीत थेट मेनचा करंट येऊ शकतो, आणि आपला हात पाण्यात असतो. घराच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) हवाच.

सप्लाय झाकणावर ठेवू नका. वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली गळेल. वरळी-वर्सोव्यासारख्या समुद्रालगतच्या घरांत टर्मिनल हिरवे पडतात. पावसाळ्याआधी मेन बंद करून ते साफ करा आणि स्क्रू आवळा.

लाइट नीट चालत नसेल तर

फुल ब्राइटनेसलाच लुकलुकतो: सप्लाय अपुरा. लाइट चालू ठेवून मल्टीमीटर लावा. १२ चे ११ व्होल्ट झाले असतील तर मोठा सप्लाय घ्या. मात्र सप्लायपाशी १२ आणि स्ट्रिपपाशी ११ दिसले तर वायर बारीक आहे.

सेकंदा-सेकंदाला चालू-बंद: ओव्हरलोड किंवा शॉर्ट.

अगदी मंद केल्यावरच फडफडतो: बरेच ड्रायव्हर १० टक्क्यांच्या खाली स्थिर राहत नाहीत. तो बिघाड नाही.

कंट्रोलरने (डिमिंगचा सिग्नल देणाऱ्या यंत्राने) डिमच होत नाही: कंट्रोलर आणि ड्रायव्हरचा मायनस एकत्र जोडलाय का, ते आधी पाहा.

तपासताना ड्रायव्हर चालू ठेवून एलईडीची वायर काढू-लावू नका. लोड नसताना आउटपुट व्होल्टेज वर चढतो आणि वायर टेकताच तो झटका एलईडीत जातो. आधी मेन बंद करा, थोडं थांबा, मग जोडा.